पहारेकरी उंदीर

"आणि मी निबंध मागे घेतला नाही, तर?" बाईंनी विचारलं.

"तर सभासदांच्या यादीतून तुमचं नाव जाईल," विश्राम म्हणाला.

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या रोगांचा अभ्यास करणारं ते मंडळ धामणस्करबाईंनीच काढलेलं. डॉ. विश्राम तळाशीलकर त्यांचा विद्यार्थी, आता मंडळाचा सचिव. सचिव झाल्यापासून तो बसायच्या आधी खुर्ची रुमालानं पुसायचा.

बाई पिंजऱ्यांतला भुसा बदलत होत्या. बहात्तराव्या वर्षीही हे काम त्या कुणाला देत नसत.

"मंडळाच्या अध्यक्षांच्या प्रयोगशाळेतले उंदीर रोगी होते, असं तुम्ही उद्या भर सभेत सांगणार. त्याच उंदरांवर आमचं यकृताचं औषध तपासलंय, बाई. पुढच्या महिन्यात ते माणसांना द्यायचंय."

"म्हणून तर उद्या सांगणार."

"तुमच्याकडे आहे काय?"

"तिथून आलेले बारा उंदीर. बाराही यकृतांवर पांढरे ठिपके."

"रोग वाटेत लागला असेल. तिथला पहारेकरी उंदीर ठणठणीत आहे. मी स्वतः तपासलाय."

पहारेकरी उंदराची रीत बाईंनीच त्याला शिकवली होती. खोलीत एक निरोगी उंदीर वेगळा ठेवायचा आणि बाकी सगळ्या पिंजऱ्यांतला घाण भुसा त्याच्याखाली घालायचा. खोलीत कुठंही रोग दडला असला, तर तो त्याला लागतो. तो आजारी पडला की सगळी खोली बंद.

बाईंचे हात थांबले.

"कितवा?"

"म्हणजे?"

"ठणठणीत आहे तो पहारेकरी कितवा, विश्राम?"

विश्रामनं रुमाल काढून खुर्चीची कड पुन्हा पुसली.

"बोल."

"तिसरा."

"आधीचे दोघं?"

"एक मलूल होता. दुसरा... मेला. अध्यक्ष म्हणाले, उंदीरच अशक्त असतील, बदला. मी बदलले."

"उघडून पाहिलेस?"

"नाही," विश्राम म्हणाला. बाईंना त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. उंदीर उघडायला त्यांनीच त्याला हात धरून शिकवलं होतं.

"तिसऱ्याखाली भुसा कुठला घातलास?"

"...कोरा."

बाईंनी हातमोजे काढले. पदरावरचा मंडळाचा बिल्ला काढून त्याच्या तळहातावर ठेवला. एक्केचाळीस वर्षांत त्याची कडा झिजून पितळ दिसायला लागलं होतं.

"बाई, असं नका करू. निबंध तेवढा ठेवा बाजूला. तुमचं नाव मी वाचवतो."

"निबंध मी उद्या वाचणार. आत घेतलं नाही, तर दारात उभी राहून वाचणार."

"मग नाव काढावंच लागेल."

"काढ. माझ्या जागी दुसरं कुणीतरी घ्या, चांगलं धडधाकट बघून."

कोपऱ्यातली घाण भुशाची पिशवी उचलून त्यांनी त्याच्या पायाशी ठेवली.

"भुसा मात्र हाच घाला."