चिंगू किती चालला

विजेऱ्या पितळेच्या असत तेव्हाची गोष्ट. धान्याच्या कणगीच्या अंधारात पडलेलं मांजराचं पिल्लू ओरडत होतं, म्हणून कुणीतरी विजेरीचं बटण दाबलं. तारेतला चिंगू नावाचा इलेक्ट्रॉन दिव्याकडे निघाला, पण पावलोपावली तांब्याच्या अणूंवर आपटू लागला.

“गोगलगायसुद्धा माझ्यापुढे जाईल,” तो रडवेला झाला. “मी पोचेपर्यंत पिल्लाचं काय होईल?”

“अरे, दिवा केव्हाच लागला,” शेजारचा म्हातारा अणू म्हणाला. “सरकायची हाक सगळ्यांना एकदमच येते. दिव्यापाशी होते ते तिथे सरकले, तू इथे.”

“मग मी थांबू?”

“तू थांबलास तर मागचे कुठे सरकतील?”

चिंगू सरकत राहिला. थोड्या वेळानं पिल्लू सापडलं, बटण बंद झालं. चिंगू जेमतेम केसभर पुढे आला होता.

“किती चाललास रे?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“पिल्लू सापडेपर्यंत,” चिंगू म्हणाला.