तांबुळवाडीचा सरकता बाजार

तांबुळवाडीच्या मंगळवारच्या बाजारात नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. दुपार कलली की उन्हात बसलेले विक्रेते पाट्या उचलतात आणि पाराच्या पश्चिमेकडून पूर्वेला येऊन बसतात. पारावर झाड नाही. ऊन इकडेही तेवढंच.

फार पूर्वी या पारावर चिंच होती म्हणे, सबंध बाजाराला पोटाशी घेणारी. सकाळी सावली पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला. तिच्यामागून बाजार सरकायचा. सोनाई कुंभारणीला मागंपुढं कोणी नव्हतं. मडकं खपो न खपो, मंगळवारी शेजारच्या पाटीवरच्या माळणीशी पोटभर बोलणं व्हायचं. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

मग रावजी पाटलाच्या मनानं घेतलं, की चिंच काढली तर आणखी दुकानं बसतील. लाकडाचा तेलघाणाही होईल. चिंच पडली. जागा ऐसपैस झाली, पण माळणीची मेथी दुपारच्या आत माना टाकू लागली. बैल सोडायला सावली नाही म्हणून गाडीवाले थांबेनात. त्यांच्यामागून नालबंद गेला, न्हावी गेला. बघता बघता बाजार नदीपलीकडच्या गावी भरू लागला. घाणा झाला, तेल घ्यायला माणूस नाही.

मडक्याला ऊन बाधत नाही. सोनाई तेवढी राहिली. एकटीच पश्चिमेला मांडायची आणि दुपारी एकेक मडकं उचलून पूर्वेला न्यायची.

पाटील ओट्यावरून बघायचा. एकदा न राहवून खाली आला.

"सोनाई, सावली कुठाय आता? उगा कशाला वाहतेस?"

"सवय, पाटील. आणि दुपारची माळीण इकडं बसायची. तिच्याशी बोलायचं राहिलंय."

उरलेली मडकी पाटलानं स्वतः आणून ठेवली. मग तो नदीपलीकडे गेला आणि भरल्या बाजारात माळणीच्या पाटीपुढं पागोटं उतरवलं, असं सांगतात.

माळीण पुढच्या मंगळवारी आली. पण सोनाई दोनच दिवसांपूर्वी वारली होती. मडकी तेवढी पूर्वेला तशीच होती. माळीण सकाळी आपल्या जुन्या जागी, पश्चिमेला बसली. दुपार कलली तशी पाटी उचलून मडक्यांशेजारी जाऊन बसली आणि दिवस मावळेपर्यंत हलक्या आवाजात बोलत राहिली म्हणे.

पाटलानं पुन्हा चिंच लावली, ती जगली नाही. माळणीमागून चारदोन विक्रेते परतले, पण बाजार मूठभरच राहिला, गर्दी नदीपलीकडे. आजही दुपारी ती मूठभर माणसं सरकतात, आणि पूर्वेला भाजीच्या पाटीशेजारी एका माणसाची जागा सोडून बसतात. तिथं पाण्यानं भरलेलं एक मडकं असतं.