रुमलीची पेज

खूप पिढ्या झाल्या या गोष्टीला. सातपुड्याच्या एका कड्याखाली मोहपाणी नावाचा पाडा आहे. तिथं रुमली राहायची. थंडीत पाड्यातली माणसं मक्याची गरम पेज पिऊनच कामाला निघत, आणि रुमलीची पेज सगळ्यांना आवडे. पण तिची धाकटी जाऊ सायकी लग्न होऊन आली, आणि माणसं वाट वाकडी करून सायकीच्या चुलीपाशी बसू लागली. सासूसुद्धा आपला वाडगा घेऊन तिकडंच जायची.

रुमलीचा जळफळाट व्हायचा. असं म्हणतात, तिच्या धगीनं अंगणातला शेवगा उभाच्या उभा वाळला.

एका दुपारी सायकी झऱ्यावर गेली होती. चुलीवर मका शिजत होता. रुमलीनं इकडंतिकडं पाहिलं, चुलीच्या कडेची ओंजळभर राख उचलली आणि हंड्यात टाकली. आता पाज म्हणावं गावाला!

सायकी परतली तर पाणी गढूळ. दाणे फेकायला तिचं मन होईना. तिनं ते चोळून चोळून धुतले, तशी सालं आपोआप सुटली. मग दाणे पाट्यावर वाटून, पाण्यात कालवून, गूळ-सुंठ घालून तिनं पेज ढवळली. असं म्हणतात, त्या पेजेचा वास सात टेकड्या ओलांडून गेला, आणि रानातली सांबरं माना वर करून उभी राहिली.

सायकीला तशी पेज पुन्हा जमली नाही. रुमलीला मात्र जमायची. ती दार लावून करायची आणि एकटीच प्यायची. दुसऱ्या कुणाला देणार कशी? कुठं शिकलीस, असं विचारलं तर सांगणार काय? इतकी गोड पेज, पण घशाखाली उतरायची नाही.

मग एका हिवाळ्यात पाड्यावर ताप आला. घरोघरी माणसं आडवी झाली, कुणाच्या पोटात काही ठरेना. सायकीही अंथरुणाला खिळली. शेजारी पडलेली सासू म्हणाली, "त्या दिवशीची ती पेज... एक घोट मिळाला असता तर."

सायकीला रडू फुटलं. "आई, ती कशी झाली, मलाच ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे." रुमली दारात उभी होती. "राख मी टाकली होती. तुझी पेज नासावी म्हणून. सगळे तुझ्याकडं जायचे, ते मला बघवत नव्हतं."

सायकीनं विचारलं, "अजूनही बघवत नाही?"

"नाही."

"मग कर पेज, जाऊबाई. भूक लागलीय मला."

असं म्हणतात, रुमलीचा तो हंडा तीन दिवस रिकामा झाला नाही. अख्खा पाडा प्यायला, आणि एकही माणूस गेलं नाही.

आजही मोहपाण्यात थंडीची पहिली पेज कुणी आपल्या घरची पीत नाही. वर्षभरात ज्याचं सुख डोळ्यांत खुपलं, त्याच्या दारी पेजेनं भरलेला वाडगा नेतात आणि म्हणतात, "तुझं मला बघवलं नाही." समोरच्यानं काही न विचारता पेज प्यायची. कधीकधी दोन वाडगे दोन घरांतून एकाच वेळी निघतात आणि वाटेतच समोरासमोर येतात.