मिरी, जिरू आणि घरंगळणारं रीळ

वायरच्या गोदामात उंदरांचा एक नियम होता.
रीळ घरंगळलं, की शेपटीने अडवायचं.
का, ते विचारायचं नाही.

दोऱ्याचं रीळ असतं ना? तसंच हे रीळ. पण बैलगाडीच्या चाकाएवढं! त्यावर दोरा नाही, वायर. जड जड वायर.
गोदामाची जमीन उतरती. रीळ यायचं, गडगड गडगड. उंदीर शेपट्या मांडायचे. रीळ थांबायचं. शेपट्या तुटायच्या.
म्हणून म्हाताऱ्या उंदरांना शेपट्याच नव्हत्या. नुसते खुंट.

एक दिवस रीळ आलं. गडगड गडगड, धप्प!
इवल्या जिरूची शेपटी खाली सापडली.
"ताई गं! ऊं ऊं ऊं!"
मिरी धावली. मिरी जिरूची ताई. मिऱ्यासारखी काळी, मिऱ्यासारखी तिखट.
तिने जिरूला ओढलं. जिरू सुटेना.

मिरी म्हणाली,
"रिळा रिळा, सरक ना!
जिरू सुटेना!"
रीळ म्हणालं, "मी जड. मी आपलं आपण चढावर सरकत नाही. रेडा ढकलेल, मग सरकेन."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
दाराशी रेडा उभा होता.
"रेडेमामा, रेडेमामा, ढकला ना!
रीळ सरकेना,
जिरू सुटेना!"
रेडा म्हणाला, "ढकललं असतं गं पोरी. पण वाटेत वायर पडलीय. तिची साल निघालीय. पाय पडला तर मी मरेन. वायर निजेल, मग ढकलेन."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
वायर वाटेत पडली होती. झूंऽऽ, झूंऽऽ.
"वायरबाई, वायरबाई, निजा ना!
रेडा ढकलेना,
रीळ सरकेना,
जिरू सुटेना!"
वायर म्हणाली, "लांब हो! लांबूनच बोल! माझ्या अंगात वीज आहे. शिवलीस तर मरशील. खटका पडेल, मग निजेन."

मिरी लांबून गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.
भिंतीवर विजेचा खटका होता.
"खटकेराव, खटकेराव, पडा ना!
वायर निजेना,
रेडा ढकलेना,
रीळ सरकेना,
जिरू सुटेना!"
खटका म्हणाला, "मला कुलूप आहे. किल्ली सुंठोबांकडे. सुंठोबा उठतील, मग पडेन."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
सुंठोबा उंदरांचे मुकादम. सगळ्यांत म्हातारे. त्यांचा खुंट सगळ्यांत आखूड. दिव्याखाली बसले होते. शेजारी बाकीचे म्हातारे.
"सुंठोबा आजोबा, उठा ना!
खटका पडेना,
वायर निजेना,
रेडा ढकलेना,
रीळ सरकेना,
जिरू सुटेना!"
सुंठोबा म्हणाले, "खटका पडला तर दिवा जाईल. दिवा गेला तर काम थांबेल. काम थांबवायचं नाही."
"पण आजोबा, जिरूची शेपटी!"
"जाईल. माझी गेली. याची गेली. त्याची गेली. शेपटी गेल्याशिवाय अक्कल येत नाही."
"आणि हिची जीभ बघा," दुसरा म्हातारा म्हणाला, "शेपटीपेक्षा लांब!"
सगळे म्हातारे हसले. खी खी खी.

तिकडे जिरू रडत होता. ऊं... ऊं... आवाज अगदी बारीक झाला होता.
मिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती हलली नाही.
"आजोबा, तुमची शेपटी गेली, तेव्हा दुखलं होतं?"
"असलं कुणी विचारत नाही."
"मी विचारते. दुखलं होतं?"
सुंठोबांनी खुंटावर हात ठेवला.
"थंडीत अजून दुखतं," ते हळूच म्हणाले. मग खेकसले, "पण आजच्यापुरतंच हां!"

आणि सुंठोबा उठले. त्यांनी कुलूप उघडलं.
खटका पडला, खट्ट!
दिवा गेला. काळोख झाला. दाराच्या फटीतून थोडासाच उजेड.
वायर निजली. झूं बंद.
रेड्याने ढकललं, हूंऽऽ!
रीळ सरकलं.
जिरू सुटला!

"मामा, धरून ठेवा हां! सोडू नका!"
मिरीने बाजूने लाकडाचा ठोकळा सरकवला. रिळाच्या खाली, घट्ट.
"आता सोडा."
रेड्याने रीळ सोडलं.
गडगड? नाही. रीळ जागचं हललं नाही.

जिरू मिरीला बिलगला. त्याची शेपटी तुटली नव्हती. पण टोक चपटं झालं होतं. ते चपटंच राहिलं.

काळोखातून सुंठोबा म्हणाले, "झालं ना? काढ तो ठोकळा. मी दिवा लावतो. चला रे, शेपट्या मांडा!"
छोटे उंदीर रांगेत उभे राहिले.
मिरी ठोकळ्यावर बसली. तिने आपली शेपटी पोटाशी घेतली. जिरूची चपटी शेपटीही घेतली.
"नाही."
"काय म्हणालीस?"
"नाही म्हणाले. आधी ठोकळा, मग रीळ. मी शेपटी मांडणार नाही. जिरूही मांडणार नाही."
"अगं, नियम आहे!"
"का आहे?"

सुंठोबांनी आपला खुंट चाचपला.
त्यांनी बाकीच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी खाली पाहिलं.

मिरी उठेना,
ठोकळा निघेना,
रीळ सरकेना,
म्हातारे बोलेनात.