पदराची गाठ

"सगळं सोडलं, आत्या. आता काय राहिलं बांधलेलं?"

मथुरानं उंबऱ्यातच विचारलं.

आत शेवंता काल सकाळपासून बाळंतपणात अडली होती. अडलेली बाई मोकळी व्हावी म्हणून वाडीच्या रीतीप्रमाणे पेटीचं कुलूप उघडलं होतं, दावणीची गुरं सोडली होती, शेवंताची वेणीही मोकळी केली होती. कळा येत होत्या, जात होत्या. मूल जागचं हलत नव्हतं.

चिमणाआत्या वाडीची थोरली सुईण. डोळे अधू झाले तसं तिनं सगळं हाताखालच्या मथुरावर सोपवलं होतं. मथुराचा हात गुणाचा. तिच्या हातची एकही बाई दवाखान्यात गेली नव्हती, आणि हे मथुराच सगळ्यांना सांगत फिरे.

आत्या शेवंतापाशी बसली. पोटावर हात ठेवला. एक कळ गेली. दुसरी गेली...

"काल दिवेलागणीला बाळाचं डोकं कुठं होतं?"

"इथंच."

"आणि आता?"

"...इथंच. पण कळा चांगल्या आहेत, आत्या. दुपारपर्यंत मोकळी होते बघ."

शेवंता पुटपुटली, "मला कुठंही न्या, पण न्या..."

"अगं, डोंगर उतरताना हाडं खिळखिळी होतील तुझी," मथुरा म्हणाली. "माझ्यावर भरवसा नाही होय?"

आत्यानं मथुराला जवळ ओढलं. कंबरेला आवळून बांधलेला मथुराचा पदर चाचपला, आणि त्याची गाठ सोडली.

मथुरानं सुटलेल्या गाठीकडं बघितलं, आणि शेवंताकडं.

मग तशीच, पदर सावरत, बाहेर धावली. "अरे, डोली बांधा! खाली न्यायचंय हिला!"

तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. शेवंता वाचली.

मुलगी रडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मथुरा वाडीवर परतली ती थेट आत्याच्या पायरीशी.

"आदल्या सांजेलाच नेली असती, तर...?"

आत्या आत जाऊन तांब्या भरून आली.

"बोल की. शिवी तरी दे."

आत्यानं तांब्या पुढं सरकवला. मथुरानं हात लावला नाही.

"आता कुणाच्या बाळंतपणाला जायची नाही मी. मेलं ते काम."

ऊन पायरीवरून खाली उतरलं...

"ऊठ," आत्या म्हणाली. "उद्या-परवा शेवंताला पान्हा फुटेल. तेव्हा खाली, तिच्यापाशी अस."