गारगोटीचं अंडं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा सावरखिंडीत घरोघरी कोंबड्या होत्या, पण अंडं कुणाच्याच हाती लागत नव्हतं. कोंबड्या कुंपणात घालायच्या, कडब्याच्या गंजीत घालायच्या, शेजारणीच्या परसात घालायच्या. अंडी मुंगसं खायची आणि भांडायच्या बायका.

त्या गावात चांगुणा नावाची एकटी बाई राहायची. ती गळा फुटलेलं मडकं भिंतीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आडवं ठेवायची. आत वाळलेलं गवत, उवा होऊ नयेत म्हणून राख आणि कडुलिंबाचा पाला, आणि मधोमध ओढ्यातली गुळगुळीत पांढरी गारगोटी. तलंगेला, म्हणजे पहिल्यांदा अंड्यावर आलेल्या कोंबडीला, ती गारगोटी अंडंच वाटायची. मग तीही तिथेच बसायची. चांगुणाने नुसतं "ये गं बाई, बस" म्हटलं, तर रानातले तितरसुद्धा मडक्यात अंडी घालून जात, असं म्हणतात.

पाटलाची सून ठकू. तिचं पोर नुकतंच दुखण्यातून उठलं होतं. त्याच्या तोंडी रोज अंडं पडावं म्हणून तिने चांगुणाकडून मडकं मागून आणलं. सासूला चांगुणाची सावलीही चालत नसे, म्हणून ते गोठ्यात, कडब्यामागे दडवलं.

पोराला पुन्हा ताप भरला. नेमकं त्याच दिवशी मडकं सासूच्या हाती लागलं. राख, कडुलिंब, पांढरा गोटा.

"करणी गं बाई, करणी!" सासूने गाव गोळा केलं.

चांगुणाला चावडीपुढे उभं केलं. "कोंबड्या भुलवून झाल्या, आता पोरांवर आलीस होय?" कुणीतरी ओरडलं.

"बाबांनो, अंड्याचं मडकं आहे ते. माझं खोटं वाटत असेल तर कोंबडीला विचारा."

लोक हसले. मग चांगुणाने ठकूकडे पाहिलं. "सूनबाई, तू तरी सांग."

मीच मागून आणलं. एवढंच सांगायचं होतं. शब्द ठकूच्या ओठांवर आलेही होते. पण सासूने तिच्याकडे मान वळवली आणि ठकूने पदर तोंडाशी धरला. तिथेच निवाडा झाला. निवाडा कसला! मिशीला पीळ देणाऱ्या बाप्यांनी एका मडक्याला भिऊन बाईला वेशीबाहेर काढलं.

ती निघाली तेव्हा गावातल्या झाडून साऱ्या कोंबड्या तिच्यामागे ओढ्यापर्यंत गेल्या, असं म्हणतात. पाण्यापाशी ती वळली. "फिरा गं मागे. तुमची घरं तिकडे आहेत." कोंबड्या फिरल्या, पण त्यानंतर गावात एकीनेही अंडं घातलं नाही.

पोराचा ताप आपसूक उतरला. ठकूचा घास मात्र गळ्याखाली उतरेना. शेवटी भरल्या बाजारात, सासूदेखत, ती ओरडली, "मडकं मीच मागून आणलं होतं!" त्याच संध्याकाळी पाटलाच्या गोठ्यात कोंबडीने अंडं दिलं, असं म्हणतात.

मग लोक ओढ्यापलीकडे धावले. चांगुणा कुठेच सापडली नाही. गावाने तिची माफी मागितली, असं आज काही जण छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं आहे ते. माफी मागायला ती होती कुठे?

अजूनही सावरखिंडीत तलंग अंड्यावर आली की घरची बाई मडकं मांडते. अंगणात उभी राहून, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात म्हणते, "मीच मागून आणलं, चांगुणामाय." आणि थोडा वेळ थांबते. उत्तर येत नाही, हे तिला ठाऊक असतं. तरी थांबते.