पहिलं पाणी पुडीचं

डोंगरावरच्या एका गावात घरोघरी परसात कॉफीची झाडं होती. तिथला उकंडराव एका सकाळी नेहमीसारखा अंगणात फळं वाळत घालत होता. तेवढ्यात खालच्या गावाहून परतलेल्या दूधवाल्याने निरोप सांगितला. बाजाराच्या दिवशी खाली सासरी असलेली त्याची लेक कौतिका येणार होती, आणि येताना मोठी ट्रंक आणणार होती. आई गेल्यापासून बाबांचे हाल होतात, त्यांना साधी कॉफीसुद्धा करता येत नाही, तेव्हा आता त्यांना कायमचं खाली घेऊन जायचं, असं तिने ठरवलं होतं.

उकंडरावाच्या हातातली फळं सुपात पडली. हे घर, ही झाडं सोडून जायचं? त्याने त्याच दिवशी खुंटीवरची कापडी गाळणी काढली.

कॉफी करायची रीत गावात पोरासोरांनाही ठाऊक होती. बिया तव्यावर भाजायच्या, खलबत्त्यात कुटायच्या, पूड गाळणीत घ्यायची. झारीतून आधी थोडंसंच गरम पाणी घालायचं आणि थांबायचं. पूड हळूहळू फुगते, बुडबुडे येतात, वास सुटतो. मग बारीक धारेने उरलेलं पाणी. ‘पहिलं पाणी पुडीचं, दुसरं पाहुण्याचं,’ असं तिथले लोक म्हणत.

उकंडरावाने सगळं केलं, फक्त थांबला नाही. त्याने झारी एकदम उपडी केली. पूड वर तरंगली, पाणी कडेने निसटलं, निम्मं चुलीत सांडलं. शेजारची पंचफुला कुंपणावरून पाहत होती. तिने एक घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, “भाऊजी, हे प्यायचं आहे की अंगण सारवायचं?”

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. चूक कुठे होते हे त्याला कळत होतं, पण थांबणं जमत नव्हतं. पहिलं पाणी घातलं की घर एकदम गप्प होई. त्याच वेळात त्याची बायको बयना चुलीपाशी बसून काहीबाही विचारत असे. आज कुठल्या झाडाची फळं तोडायला आलीत, गुडघा कसा आहे, असलंच काही. तो अंगणातूनच ओरडे, “कॉफी करतेस की पूजा मांडलीस?” ती हसे, पण झारीला हात लावत नसे. आता ती शांतता त्याला सोसत नव्हती, म्हणून तो घाईने पाणी ओतून मोकळा होई.

बाजाराचा दिवस उजाडला. कौतिका ट्रंक घेऊन दारात आली आणि पाय धुऊ लागली. इतक्यात पंचफुलाने मागच्या दाराने झाकलेला गडू आत सरकवला. तोंड मिटून कपात ओता, बाकीचं मी बघते, असं ती हळूच म्हणाली. उकंडरावाने झाकण काढलं. थेट बयनाच्या कॉफीचा वास आला. पंचफुला तिच्याकडूनच तर शिकली होती. कप समोर होता, लेक अजून बाहेर होती. त्याने गडू उचलला.

मग तो थबकला. आज निभेल, पण उद्या घर पुन्हा गप्प होईल, तेव्हा कोणाचा गडू येणार होता?

कौतिका आत आली तेव्हा गडू तिच्या पुढ्यात होता. “ही पंचफुलावहिनींची कॉफी,” तो म्हणाला. “फार छान आहे, ती घे. माझी हवी असेल तर थांबावं लागेल.”

मागच्या दाराशी पंचफुलाने कपाळावर हात मारून घेतला.

“थांबते की,” कौतिका म्हणाली, आणि ट्रंकेवरच बसली.

त्याने पहिलं पाणी घातलं. घर गप्प झालं. त्याने झारी खाली ठेवली, लेकीकडे पाहिलं आणि विचारलं, “तुझा गुडघा कसा आहे?”

“माझा? माझ्या गुडघ्याला काय झालंय?”

दोघंही हसत सुटले. मग ती बोलू लागली. सासूच्या तक्रारी झाल्या, दारच्या पपईचं कौतुक झालं. पूड फुगून गाळणीच्या काठाला आली, वास ओसरीपर्यंत गेला. उकंडरावाने झारी उचलून बारीक धार धरली.

कौतिकाने घोट घेतला. “आईच्यापेक्षा कडू आहे,” ती म्हणाली. पंचफुलाने श्वास रोखला. “पण कॉफी आहे.” तिने कप पुन्हा पुढे केला.

संध्याकाळी कौतिकाबरोबर ट्रंक खाली गेली, ती भाजलेल्या बियांनी भरून. उकंडराव वरच राहिला. रोज सकाळी पहिलं पाणी घालून तो चुलीपाशी बसतो. पंचफुला कुंपणावरून काहीबाही विचारते, आणि तो ओरडत नाही, नीट उत्तर देतो.

बयना होती तेव्हा त्या वेळात तिच्याजवळ जाऊन बसणं मात्र राहून गेलं.

तात्पर्य: आयत्या गोडीपेक्षा आपल्या माणसासाठी थांबून केलेलं कडूही बरं, फक्त ते थांबणं माणूस जवळ असतानाच करावं.